विकत घेतलेलं ई-पुस्तक दुसऱ्या ॲपमध्ये का उघडत नाही?

तुमची ईपब फाइल (ई-पुस्तकांचा नेहमीचा फाइल-प्रकार) बिघडलेली नाही. तिच्यावर डीआरएमचं, म्हणजे नक्कल आणि वापर रोखणाऱ्या तंत्राचं, कुलूप आहे. मजकूर एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदललेला असतो आणि किल्ली विक्रेत्याकडच्या तुमच्या खात्याशी बांधलेली असते. दुसऱ्या ॲपकडे ती नसते, म्हणून ते ‘फाइल उघडता येत नाही’ एवढंच सांगतं. फाइलचं नाव बदलून काही होणार नाही, साधा कन्व्हर्टरही तिथेच अडतो.

मला खरा राग येतो तो ‘खरेदी करा’ या बटणाचा. आपण पैसे मोजतो पुस्तकाचे, हाती येतो फक्त वाचण्याचा परवाना. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, हे खरं. पण वाचकाला पुस्तक हवं होतं! गाण्यांच्या बाबतीत ॲपलने २००९ मध्येच आयट्यून्सवरचं हे कुलूप काढलं, म्हणजे करायचं म्हटलं तर करता येतं.

सध्या त्याच विक्रेत्याचं ॲप दुसऱ्या उपकरणावर टाकून जुन्याच खात्याने लॉगिन करा. पुढच्या वेळी मात्र पैसे भरण्याआधी माहितीत ‘डीआरएम-मुक्त’ लिहिलंय का ते बघा. काही प्रकाशक स्वतःच्या साइटवर तशीच फाइल देतात.