जीवाणूंची गणपूर्ती

मालवणच्या एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘क्वोरम सेन्सिंगला “गणपूर्ती संवेदना” म्हटलेलं वाचलं. बरोबर आहे का? आमच्याकडे रात्री लाटा निळ्या चमकतात, तो हाच प्रकार का?’

‘गणपूर्ती’ला माझी काहीच हरकत नाही. ग्रामसभेमुळे हा शब्द गावोगाव रुळलेला आहे. १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतले जे कमी तेवढे आले की गणपूर्ती झाली. खटकते ती ‘संवेदना’. ती शोकसभेत व्यक्त करायची गोष्ट. इथे जीवाणू आपण आसपास किती जण आहोत याचा अदमास घेतात, म्हणून मी ‘गणपूर्ती-वेध’ लिहीन.

तसा हा वेधही शिरगणतीचा नव्हे. अ‍ॅलिव्हिब्रिओ फिशेरी हा उजेड देणारा जीवाणू एक छोटा रेणू सतत बाहेर सोडत असतो. उघड्या समुद्रात हा रेणू वाहून जातो. दाटी झाली, की साठत जातो, पेशीतल्या लक्स-आर या प्रथिनाला चिकटतो आणि उजेडाची जनुकं चालू होतात. तोच रेणू बनवणारं जनुकही त्यांतच, त्यामुळे एकदा सुरुवात झाली की भराभर वाढतं. जीवाणूंनीच सोडलेला पदार्थ साठला की उजेड चालू होतो, एवढं नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्ये दाखवलं. इंग्रजी नाव मात्र १९९४ चं.

हवाईतला बॉबटेल स्क्विड, म्हणजे आपल्या माकुळाचा लांबचा भाऊबंद, हे जीवाणू पोटाखालच्या अवयवात पाळतो. चांदण्यात खालून बघणाऱ्याला त्याची सावली दिसू नये, एवढ्यासाठी तो उजेड. पहाटे तो सुमारे ९५ टक्के जीवाणू बाहेर टाकतो. गणपूर्ती मोडते, दिवा विझतो. उरलेले दिवसभरात वाढून रात्रीपर्यंत पुन्हा कोरम भरतात. (तहकूब ग्रामसभा नंतर कोरमशिवायही उरकता येते. ही सवलत इथे नाही.)

आता तुमच्या लाटा. कोकणात दिसणारी ती निळाई बहुधा नॉक्टिल्युकाची असते. हा जीवाणू नव्हे. जीवाणूपेक्षा शेकडो पटींनी मोठा एकपेशीय जीव. लाट फुटली, वल्हं लागलं, कोणी पाण्यात पाय मारला, की तो धक्क्यासरशी क्षणभर लखलखतो. शेजारी कितीजण आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जीवाणूंचा उजेड मंद आणि सलग असतो, त्यासाठी धक्क्याची गरज नसते. तेव्हा मालवणच्या लाटांना ‘गणपूर्ती’ लावू नका. तिथे ‘जैवदीप्ती’ पुरे.