डेनिश येतं, पण परीक्षेत तोंड उघडत नाही

"ताई, घरी सगळं येतं, वर्गातही येतं. परीक्षेच्या खोलीत समोर दोन माणसं बसली की स्वतःचं नावसुद्धा आठवेना." परक्या भाषेच्या भीतीवर मी काम करते, आणि परदेशात गेलेल्या मराठी मंडळींकडून ही तक्रार थोड्याफार फरकाने नेहमी ऐकते. कुणाची जर्मन असते, कुणाची डच. डेन्मार्कवरून येते तेव्हा तिला आणखी एक शेपूट असतं: "आणि लिहिलेलं वेगळं, बोलतात वेगळंच. अर्धी अक्षरं तर गिळूनच टाकतात."

आज सांगते आहे ती हकीकत अशाच एका मुलीची. नाव लिहीत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सांगलीकडच्या एका कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. नवऱ्याला कोपनहेगनमध्ये नोकरी लागली, लहान मुलाला घेऊन तीही गेली आणि तिथल्या भाषाशाळेत डेनिशच्या वर्गात दाखल झाली. शिक्षण बरंच झालेल्यांना तिथे तिसऱ्या क्रमांकाच्या अभ्यासक्रमात घालतात. या अभ्यासक्रमाला मॉड्यूल, म्हणजे टप्पे, असतात आणि पुढच्या मॉड्यूलला जायचं तर चाचणी द्यावी लागते. पहिल्या मॉड्यूलची तिची तोंडी चाचणी राहिली. जन्मात कधी नापास न झालेली बाई. घरात कुणाला सांगितलं नाही, मला मात्र पहिल्याच ऑनलाइन भेटीत रडत सांगितलं. (मी पुण्यात. तिची दुपार म्हणजे माझी संध्याकाळ. "मला अहो-जाहो नको," हेही तिने तेव्हाच सांगून टाकलं.)

आधी एक भूत उतरवावं लागलं. कुठल्याशा व्हॉट्सअ‍ॅप गटात कुणीतरी लिहिलं होतं की भाषेची परीक्षा नापास झालं तर व्हिसा जातो. तिने ते वाचलं आणि रात्रीची झोप घालवली. मी तिला निवासपरवान्याचं पत्र काढून शांतपणे वाचायला सांगितलं. ती नोकरदार नवऱ्याची जोडीदार म्हणून गेली होती, आणि पत्रात भाषेच्या परीक्षेची अट कुठेच नव्हती. डेनिश नागरिकाशी किंवा तिथे कायमच्या राहणाऱ्याशी लग्न करून जाणाऱ्यांचे नियम वेगळे असतात. त्यांच्यासाठी ए-1 आणि ए-2 या अगदी सुरुवातीच्या पातळ्यांच्या चाचण्या आणि त्यांच्या मुदती आहेत. गटातल्या गप्पांत हे दोन्ही एकत्र कालवलं गेलं होतं. कायमच्या वास्तव्यासाठी 'प्र्योव इ डॅन्स्क' या डेनिशच्या सरकारी परीक्षांपैकी दुसरी लागते, नागरिकत्वासाठी साधारणपणे तिसरी. पण तो पुढच्या काही वर्षांचा मामला. आत्ता पणाला लागलं होतं ते एवढंच: शाळेत भरलेली 2,000 क्रोनरची अनामत, आणि तिचा मान.

पैशांचं तिला फारसं काही वाटत नव्हतं.

मला डेनिश येत नाही. भाषेच्या भीतीवर काम करताना याचा फायदाच होतो, कारण चूक काढायचा मोह होत नाही. मी तिला सांगितलं, "परीक्षेत जे बोललीस ते मला बोलून दाखव." तिने 'माझं कुटुंब' हा विषय घेतला आणि घडाघडा बोलून टाकला. एक शब्द कळला नाही, पण ते बोलणं नव्हे, म्हणणं आहे, हे लगेच कळलं. श्वास ठरलेल्या जागी, स्वर एकसारखा, नजर वर छताकडे. मी मध्येच मराठीत विचारलं, "भाऊ तुझ्याहून मोठा की धाकटा? उत्तर डेनिशमध्ये दे." ती थांबली. तोंड उघडलं, मिटलं. मग तिने पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली. आपण लहानपणी पाढे म्हणायचो, कुणी मध्येच 'सत्ते किती' विचारलं की एकापासून म्हणत यावं लागायचं, अगदी तसं.

परीक्षेत नेमकं हेच झालं होतं. शिक्षिकेने आधी विषय दिले होते, तिने प्रत्येकावर उतारा लिहून पाठ केला होता. आतल्या खोलीत उतारा छान म्हटला. नंतर परीक्षकांनी साधा प्रश्न विचारला, तो तिला ऐकूच आला नाही, कारण डोक्यात पुढची ओळ चालू होती. दुसऱ्यांदा विचारल्यावर ती "येस, येस" म्हणाली, इंग्रजीत. मग गप्प.

आपल्याकडे हुशार मुलं पाठांतरावर मोठी होतात आणि त्यात कमीपणा काही नाही. रसायनशास्त्रात आवर्तसारणी पाठच करावी लागते. पण संभाषणाच्या परीक्षेत पाठ केलेला उतारा टिकतो तो समोरच्याने प्रश्न विचारेपर्यंतच, आणि परीक्षकाचं तर कामच प्रश्न विचारणं.

मी तिला युरोपीय भाषाचौकटीतली ए-1 पातळीची व्याख्या दाखवली. ए-1, बी-2 अशा पातळ्या जिथून येतात ती ही चौकट 'काउन्सिल ऑफ युरोप'ने 2001 मध्ये प्रसिद्ध केली. त्यात पहिल्या पातळीबद्दल जे म्हटलंय त्याचा मतलब असा: समोरचा माणूस हळू आणि स्पष्ट बोलत असेल, मदत करायला तयार असेल, तर ही व्यक्ती साधं संभाषण करू शकते. तिने ते दोनदा वाचलं. समोरच्याची मदत ही त्या पातळीच्या व्याख्येतच धरलेली आहे. "पुन्हा सांगता का?" असं विचारणारा विद्यार्थी त्या पातळीला हवं तेच करत असतो. ती मात्र अडू नये म्हणून तयारी करत होती. अडल्यावर बाहेर कसं यायचं, याचा सराव तिने एकदाही केला नव्हता.

म्हणून आम्ही अडण्याचा सराव सुरू केला. तिचे उतारे मी फेकायला लावले. अगदी फेकायला नाही म्हणा, कपाटात ठेवायला. प्रत्येक विषयासाठी कागदावर चार-पाच शब्द, वाक्य एकही नाही. ती बोलायची, मी मराठीत आडवे प्रश्न टाकायचे, कधी मुद्दाम पुटपुटायचे. मी पुटपुटले की तिने डेनिशमध्येच म्हणायचं: "ऊन्स्क्युल, कॅन डू सी दे इगेन?" म्हणजे माफ करा, पुन्हा सांगता का? (उच्चार तिने मला ऐकवला तसा लिहिलाय, डेनिश वाचकांनी माफ करावं.) आधी हे वाक्य तिच्या तोंडून शरमेने यायचं, खांदे आत ओढून. सवयीने ते सपाट झालं. सपाट झालं तेव्हा मला बरं वाटलं.

पण खरी गाठ दुसरीकडे होती. एकदा ती म्हणाली, "ताई, मी वर्गात शिरले की साठ पोरं गप्प बसायची. आणि इथे मी म्हणते, माझा एक भाऊ आहे, माझा भाऊ सांगलीत राहतो, त्याच्याकडे एक कुत्रा आहे." पाळणाघरात जाणारा तिचा मुलगा आईचा उच्चार दुरुस्त करायचा. डेनिशमध्ये 'ड' बऱ्याचदा जिभेच्या टोकाशी विरघळल्यासारखा येतो, तो पोराला सहज जमायचा आणि तिला जमेना. लोक हसायचे, तीही हसायची. रात्री मात्र ते लागायचं.

परक्या भाषेच्या वर्गातल्या भीतीचे तीन धागे 1986 मध्ये एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी वेगळे करून दाखवले होते: बोलण्याचीच धास्ती, परीक्षेची धास्ती, आणि लोक आपल्याला काय समजतील ही धास्ती. तिच्यात तिसरा धागा इतका जाड होता की पहिले दोन त्याच्या आड दिसतच नव्हते. परीक्षेतले दोन परीक्षक तिच्या लेखी परीक्षक नव्हतेच. आपण कोण होतो हे माहीत नसलेली ती माणसं होती, आणि ते सांगायला लागणारी भाषा तिच्याकडे नव्हती.

यावर माझ्याकडे औषध नव्हतं, हे दुःख खरंच आहे. मी एवढंच सुचवलं की आपल्या बोलण्यात एका वाक्याची भर घालावी: मी रसायनशास्त्र शिकवत होते. भूतकाळ त्यांच्या वर्गात अजून यायचा होता. शिक्षिकेला विचारून तिने तेवढं एक वाक्य शिकून घेतलं. परीक्षेच्या दृष्टीने त्याची गरज नव्हती.

मग रस्त्यावरचा सराव. इथे डेन्मार्कची एक गंमत आड येते. तिथल्या बहुतेकांना उत्तम इंग्रजी येतं, आणि तुम्ही जरा अडखळलात की ते भलेपणाने इंग्रजीवर येतात. आपल्याला सुटल्यासारखं वाटतं, आणि दर वेळी सुटका झाली की भीतीला खात्री पटते की डेनिशमध्ये आपला निभाव लागलाच नसता. म्हणून ठरवलं: दुकानातला माणूस इंग्रजीवर आला तरी हिने डेनिशमध्येच राहायचं, आणि हसून सांगायचं, "याइ वेल गेर्ने टेले डॅन्स्क", मला डेनिश बोलायचं आहे. सुरुवात बेकरीतून, जिथे संभाषण ठरलेलं असतं. पिशवी हवी का, कार्डाने देणार का, संपलं. पुढे वाचनालयातला भाषाकट्टा. तिथे निवृत्त आजी-आजोबा कॉफी पीत निवांत गप्पा मारतात आणि त्यांना कसलीच घाई नसते. शेवटी पाळणाघरातल्या शिक्षिका. सगळ्यात अवघड जागा तीच निघाली, कारण तिथे विषय पोटच्या पोराचा. फोनवरचं भाषांतराचं अ‍ॅप हातात न धरता पिशवीत ठेवायचं, हीही अट होती. ती तिने अधूनमधून मोडली.

नवऱ्याशीही बोलावं लागलं. भला माणूस, पण ती घरात डेनिश बोलायला लागली की लगेच अ‍ॅप उघडून व्याकरण तपासायचा, आणि वर "तू तर लेक्चरर, तुला काय अवघड?" असंही म्हणायचा. त्याला मी फक्त श्रोता व्हायला सांगितलं. सासूबाईंना परीक्षेची तारीख कळवायची नाही, हे मात्र तिचं तिनेच ठरवलं. मी त्याला दुजोरा दिला. सांगलीहून सकाळी सहाला "बेस्ट लक" आणि संध्याकाळी "किती टक्के?" अशी फोनांची रांग लागली असती. टक्के तर तिथे नसतातच. मॉड्यूलची चाचणी पास किंवा नापास. पुढच्या मोठ्या परीक्षांना गुण असतात, पण त्यांचीही तऱ्हा निराळी: सर्वोच्च 12, आणि पास व्हायला 02.

आकड्यांवर सगळेच अडतात, तीही अडायची. किंमत किंवा वेळ कानावर पडली की डोकं बंद. डेनिश लोक पन्नास, सत्तर, नव्वद हे आकडे विसांच्या पटीत मांडतात, आणि साडेतीन वाजले हे 'अर्धे चार' म्हणून सांगतात. इंग्रजीतून शिकणाऱ्याचा हमखास घोळ होतो. मी तिला म्हटलं, इंग्रजी बाजूला ठेव आणि आजीकडे जा. आपल्या जुन्या बायका नारळ विसांनीच मोजायच्या. डेनिशमधले पन्नास म्हणजे अडीच विसा, साठ तीन विसा, सत्तर साडेतीन, ऐंशी चार, नव्वद साडेचार. पंचवीसमध्ये पाच आधी आणि वीस नंतर, तेही आपल्यासारखंच. तासाभरात तिची गाडी रुळावर आली. एवढ्या पटकन दुसरं काहीच सुटलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वही बंद. दारात उभं असताना श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, आणि खोलीत शिरल्यावर पहिला प्रश्न कळला असला तरी एकदा "पुन्हा सांगता का?" विचारायचं. हे शेवटचं तिला विचित्र वाटलं. पण ज्या क्षणाची धास्ती आहे तो आपणच आधी आणला की पुढे त्याची वाट पाहावी लागत नाही.

विषय निघाला 'जेवण'. परीक्षकांनी विचारलं, भारतातून येताना काय आणलंस? तिला लोणचं म्हणायचं होतं आणि शब्द येईना. मग ती म्हणाली: आंबा. हिरवा. मीठ, तिखट, तेल. काचेच्या बरणीत. खूप दिवस थांबायचं. एक परीक्षक म्हणाल्या, "फार तिखट?" आणि ती म्हणाली, "तुमच्यासाठी, हो." पास झाली. वाक्यं मोडकी होती, क्रियापदांच्या जागा चुकल्या, हे तिनेच मला सांगितलं, आणि सांगताना तिला फार काही वाटत नव्हतं.

तुमच्या बाबतीत छातीत धडधड, हात गार पडणं, झोप उडणं हे परीक्षेपुरतं न राहता रोजचं झालं असेल, तर भाषेच्या क्लासआधी डॉक्टरांना भेटा. डेन्मार्कमध्ये पिवळ्या आरोग्यकार्डावर तुमच्या डॉक्टरांचं नाव छापलेलं असतं, तिथून सुरुवात करता येते. वाचन-लेखनाची जुनी अडचण किंवा आजार असेल तर तेही शाळेला आधी कळवा. 'प्र्योव इ डॅन्स्क'च्या परीक्षांना अशांसाठी खास सवलती मागता येतात, पण त्या आयत्या वेळी नव्हे, अर्ज करून.

ती सध्या दुसऱ्या मॉड्यूलमध्ये आहे. आता तक्रार ईमेल लिहिण्याची आहे: कर्ता कुठे, क्रियापद कुठे. ते प्रकरण मी तिच्या शिक्षिकेकडे सोपवलं.