नव्या आशाताईसाठी: छातीतल्या गाठीचं बोलणं

ताई, सीबॅक फॉर्म (तिशीपुढच्यांच्या आजारांचा धोका गुणांनी मोजणारी प्रश्नावली) भरताना स्तनाचे प्रश्न घाईत विचारले की बायका सरसकट 'नाही' म्हणतात. घरात पुरुष नसतील अशी दुपारची वेळ गाठा. सासूलाही बसवा, तिचं वयही तपासणीचंच असतं.

'दुखतं का?' एवढंच विचारू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, म्हणून बायका ती अंगावर काढतात. स्पष्ट विचारा: गाठ, आकारात बदल, बोंडी आत ओढली जाणं, बोंडीतून रक्त, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, काखेत गाठ. यातलं एकही असेल, तर फॉर्मचे गुण ४ पेक्षा कमी असले तरी लगेच डॉक्टरकडे पाठवा. गुण कमी म्हणून न पाठवण्याची चूक फार होते.

हाताने बघायला शिकवताना पाळी सुरू झाल्यापासून ७ ते १० दिवसांनी, असं सांगा. पाळी गेलेलीने महिन्याची एक तारीख धरावी. उजव्या हाताच्या मधल्या तीन बोटांच्या पेरांनी डावा स्तन: आधी हलकं, मग खोल दाबून, गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत. मग दुसरी बाजू. चिमटीत धरलं की नेहमीचं मांसही गाठच वाटतं आणि बाई उगाच घाबरते. घरचं बघणं म्हणजे तपासणी नव्हे. तिशीनंतर दर ५ वर्षांनी उपकेंद्रात सिस्टर किंवा सीएचओकडून (समुदाय आरोग्य अधिकारी) तपासून घ्यायचंच.

बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे पाठवतानाच सांगा. डॉक्टरकडे पाठवायच्या चिठ्ठीसोबत जायची तारीख आणि बरोबर कोण जाणार, तेही ठरवा. रेशनकार्ड, आधार बरोबर द्या. मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेसाठी लागतात.