लेखी करार नसेल तर नुसत्या बाउन्स झालेल्या चेकवर पैसे वसूल होतात का?

तुम्ही एलएलबीच्या पहिल्या वर्षाला आहात आणि विचारलंय की लेखी करार नसताना फक्त न वटलेल्या चेकवर पैसे मिळतात का, आणि कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट व निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट यांचा मेळ परीक्षेत कसा मांडायचा.

पहिल्याचं उत्तर: मिळतात. "कागद नाही म्हणजे करार नाही" हे वाक्य मी आधी सख्ख्या काकांच्या तोंडून ऐकलं आणि आता वकिली करताना रोज पक्षकारांच्या तोंडून ऐकते. ते खोडल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आम्ही इचलकरंजीचे खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आमचे. बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, येतो, कापड विणून परत जातं आणि पिकाच्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, हिशोबाने मजुरी मिळते. या धंद्यात करारपत्र कोणी करत नाही. दर तोंडी ठरतो, बीम टेम्पोतून उतरतो, वहीत नोंद होते, कापड गेलं की चलनावर समोरच्या दिवाणजीची सही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळी हयात असंच काम केलं. एका व्यापाऱ्याने मजुरी थकवली, बऱ्याच तगाद्यानंतर चेक दिला आणि बँकेत भरायच्या आत पेमेंट थांबवलं. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते.

काकांचा निकाल तयार होता. "कागद आहे का? नाही. मग कोर्टात जाऊन काय करणार? त्याचे बीम मागावर आहेत, ते अडवा. आठवड्यात पैसे घेऊन येतो की नाही बघा." मी कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम १० वाचून दाखवलं: करार करण्यास सक्षम माणसं, मोकळी संमती, कायदेशीर मोबदला, कायदेशीर उद्देश, आणि तो करार कायद्याने शून्य ठरवलेला नसावा. लेखी हवा ही अट त्यात नाही. दुसऱ्या एखाद्या कायद्याने ती घातली असेल तरच लागते. बीम उतरवून घेतला आणि विणायला घेतला तेव्हाच करार झाला. वही आणि चलनं हा त्याचा पुरावा. काका म्हणाले, पुस्तकातलं पुस्तकात ठेव.

माल अडवण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण वर्गात हे कलम दोन मिनिटांत उरकतात. दुसऱ्याची वस्तू तुमच्याकडे कामासाठी आली, तुम्ही तिच्यावर कष्ट केले, तर कलम १७० प्रमाणे त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. त्याखालची दोन उदाहरणं बघा. हिरा पैलू पाडायला दिला, तर जवाहिऱ्याला मजुरी मिळेपर्यंत तो ठेवता येतो. शिंप्याने कोट शिवून दिल्यावर तीन महिने उधारी मान्य केली असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. आमचा धंदा महिनाभराच्या उधारीवर चालायचा, म्हणजे आम्ही त्या शिंप्याच्या जागी होतो. आणि उधारी नसती तरी ज्या बीमची मजुरी थकली तेवढंच कापड अडवता आलं असतं. मागच्या बाकीसाठी नव्या बीमवर हात ठेवता येत नाही. वेगळा स्पष्ट करार नसेल तर तसा सर्वसाधारण हक्क कलम १७१ मध्ये बँकर, फॅक्टर (दुसऱ्याचा माल ताब्यात घेऊन विकणारे अडते), धक्केवाले (बंदरावर माल ठेवून घेणारे), हायकोर्टातले अ‍ॅटर्नी आणि विमा दलाल यांनाच आहे. काकांचं ऐकून अण्णांनी सगळं कापड दाबून ठेवलं असतं, तर उलट त्यांच्यावरच अपहाराची तक्रार झाली असती. अण्णांनी मागावरचे बीम विणून, चलन करून पोहोचते केले आणि वकिलांकडे गेले.

व्यापारी फोनवर गोड बोलत होता. पुढच्या सोमवारी भरा, नक्की वटेल. या सोमवारांतच लोकांचे खटले मरतात. चेक न वटणं हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ खाली गुन्हा आहे, पण त्यासाठी चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. ती मिळाल्यापासून १५ दिवस देणाऱ्याला, आणि ते संपल्यावर एका महिन्यात फिर्याद. फिर्यादीचा उशीर योग्य कारण दाखवून माफ होतो; नोटिशीचा होत नाही. तोवर चेकचे तीन महिने संपले नसतील तर तो पुन्हा भरून नवी मुदत मिळवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एमएसआर लेदर्सच्या खटल्यात मान्य केलं. संपले असतील तर कलम १३८ विसरा आणि दिवाणी दावा लावा.

आमची नोटीस वेळेत गेली. पाकीट "घेण्यास नकार" शेरा होऊन परत आलं आणि काकांना वाटलं संपलं सगळं. संपत नाही. बरोबर पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस पोचली असंच गृहीत धरतात. अलावी हाजी प्रकरण, २००७. पेमेंट थांबवल्यानेही कलम १३८ टळत नाही. मोदी सिमेंट्स, १९९८.

व्यापाऱ्याचा बचाव तीन तुकड्यांत आला: करार नाही, चेक कोरा दिला होता, विणकाम खराब होतं. करारावर वर लिहिलंच आहे. सही करून स्वखुशीने दिलेला कोरा चेक भरण्याचा अधिकार त्याच निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम २० देतं, आणि तरीही कलम १३९ चं गृहीतक लागू होतं हे बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार (२०१९) मध्ये स्पष्ट झालंय. हे गृहीतक म्हणजे सही मान्य असेल तर चेक देण्यापोटीच दिला असं कोर्ट धरून चालतं, आणि त्यात ते देणं कायदेशीर होतं हेही येतं. रंगप्पा विरुद्ध श्री मोहन, २०१०. खराब विणकामाचा मुद्दा दिवाणजीच्या उलटतपासात कोसळला. चेक अडवल्यानंतरही त्यांनी आमचं कापड उतरवून घेतलं होतं, सही केली होती, तक्रारीची एक ओळ कुठे नव्हती. अण्णांनी माल अडवला असता तर ही चलनं जन्मालाच आली नसती. काका, हे वाचत असाल तर एवढं वाक्य पुन्हा वाचा.

त्या साक्षीनंतर व्यापाऱ्याने लोकअदालतीत पूर्ण रक्कम भरून तडजोड केली. मधल्या वर्षांत अण्णांना काही माग विकावे लागले, ते परत आले नाहीत. काका अजून प्रत्येक लग्नकार्यात म्हणतात, तडजोडच करायची होती तर कोर्टाची पायरी कशाला चढलात. माझं उत्तर तेच आहे: पैसे तडजोडीने आले, पण तडजोड फिर्यादीमुळे आली. दोन वर्षांपर्यंत कैद आणि चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड समोर दिसत नसता, तर तो माणूस लोकअदालतीत आलाच नसता.

आज असा पक्षकार आला तर मी आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विचारते. एमएसएमई कायदा, २००६ च्या कलम १५ मध्ये लेखी ठरलेली मुदतसुद्धा ४५ दिवसांवर जाऊ शकत नाही, आणि लेखी काही ठरलंच नसेल तर माल किंवा काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. म्हणजे कागद नसल्याचा तोटा इथे काम करून घेणाऱ्याला आहे, काम करणाऱ्याला नाही.

आता ज्या गोष्टी मी वर जोरात बोलताना मागे ठेवल्या. कलम १३९ चं गृहीतक खोडता येतं, आणि आरोपीला त्यासाठी संशयातीत पुरावा द्यावा लागत नाही. शक्यतांचं पारडं झुकलं तरी पुरतं. ऑर्डरच्या आगाऊ रकमेचा चेक असेल आणि मालच आला नाही तर देणंच नाही (इंडस एअरवेज, २०१४). चेक दिल्यानंतर काही रक्कम मिळाली असेल आणि चेकवर तशी नोंद न करता पूर्ण रकमेला भरला, तर १३८ लागत नाही (दशरथभाई पटेल, २०२२). आणि फौजदारी खटला चालू असताना तीन वर्षांची दिवाणी मुदत थांबत नाही, हे पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगायचं असतं.

परीक्षेचं राहिलं. कार्बोलिक स्मोक बॉल, म्हणजे जाहिरातीतूनही करार होतो असं ठरवणारा जुना इंग्लिश खटला, सगळेच लिहितात, तुम्हीही लिहा. पण दोन कायद्यांचा मेळ मांडताना एवढं पुरे: देणं करारातून जन्मतं, १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट ते सिद्ध करण्याचं ओझं फिरवतो, आणि १९८९ पासून लागू झालेल्या कलम १३८ ने त्याला फौजदारी धार दिली. बाकी तुमच्या सरांना विचारा, मार्कांची वाटणी त्यांच्या हातात आहे.