पाळक (चर्चचे पास्टर) चुकतायत असं वाटलं तर?

प्रश्न: आम्ही म्हापशाच्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जातो. हल्ली प्रवचनात पश्चात्ताप नाही, क्रूस नाही, फक्त दान वाढवा म्हणजे धंदा वाढेल, आजार जाईल. आईचं इन्सुलिनसुद्धा बंद करा, असं पाळक म्हणाले. मंडळी सोडू का?

उत्तर: ताई, आधी इन्सुलिन चालूच ठेवा, अजिबात बंद करू नका, शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता आणि प्रेषित पौलानेच आपला तरुण सहकारी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, औषध म्हणजे अविश्वास हे शास्त्रात कुठेच नाही. बिरुया गावचे लोक तर पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात तपासायचे, बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये १७:११ वाचा, त्यांचं कौतुकच केलंय, म्हणून विचारायला घाबरू नका. काय बोलले ते तारखेसकट वहीत लिहा, मग पाळकांना एकांतात भेटा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको प्लीज. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्या, मग मंडळीपुढे मांडा, बायबलमध्ये मत्तय १८ मध्ये हाच क्रम आहे. गाण्यांची चाल आवडत नाही म्हणून कोणी मंडळी सोडू नये, पण इथे सुवार्ताच, म्हणजे येशूबद्दलचा मूळ संदेशच, बदलतेय, तेव्हा तरीही फरक नसेल तर सरळ निघा. गोव्यात बहुतेक ख्रिस्ती कॅथलिक, प्रार्थना कोंकणीत, मराठी उपासना शोधावी लागेल, तोवर दोनतीन घरांनी मिळून वचन वाचत राहा.