ॲलन बोल्टची खाच गोल झाली, आता?

प्रश्न : रंधा मशीनच्या ब्लॉकवर (पाती बसवलेल्या फिरत्या रुळावर) पातं दाबणाऱ्या पट्टीचा ८ मिमीचा ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेला) पावसाळ्यात जाम झाला. ६ मिमीची किल्ली आत नुसतीच फिरते. वेल्डिंगवाला गॅसने तापवू म्हणतो. तापवू का? (एक वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली)

उत्तर : भाऊ, ब्लॉक तापवू नका. बेअरिंगचं ग्रीस वितळून वाहतं, आणि सांदीतला सागाचा भुसा पेट घेतो.

आधी मेन स्विच बंद करून पट्टा उतरवा. ब्लॉकखाली लाकडी पाचर ठोका, म्हणजे तो फिरणार नाही. खाचेत बसलेला भुसा-ओशटपणा दाभणाने खरवडून रॉकेलने धुवा. बहुतेकदा किल्ली ह्या घट्ट थरावरच अर्धवट टेकलेली असते, म्हणून कडा झिजतात. मग गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी बोल्टच्या डोक्यावर पंच धरून हातोडीचे चार-पाच नेमके ठोके द्या. आट्यांतला गंज फुटतो.

आता टी-४० टॉर्क्स बिट (सहा टोकांच्या चांदणीच्या आकाराचा) खाचेत ठोकून बसवा. तो ६ मिमीच्या खाचेपेक्षा किंचित मोठा असल्याने नव्या कडा धरतो. झटका न देता लांब दांड्याने सावकाश जोर लावा.

तरीही हलला नाही, तर ८ मिमी कोबाल्ट ड्रिलने, कमी वेगात, तेल सोडत फक्त डोकं उडवा. पट्टी निघाली की उरलेला दांडा व्हाइस ग्रिपने (आवळून लॉक होणाऱ्या पकडीने) धरून फिरवा. ताण गेल्यामुळे तो बरेचदा सहज येतो.

नवा बोल्ट जुन्याच ग्रेडचा (मजबुतीच्या आकड्याचा) घ्या, डोक्यावर १२.९ असेल तर १२.९च. ब्लॉक मिनिटाला हजारो फेरे घेतो. साधा बोल्ट तुटला तर पातं थेट माणसावर येतं.