सूर द्यायला कुणी नाही

"मॅडम, पंधरा वर्षं स्टेजवर उभी आहे आणि आता हात कुठे ठेवायचे तेच कळेनासं झालंय."

समोर बसलेल्या बाईंना १८८२ सालचं 'संगीत सौभद्र' पदांसकट तोंडपाठ. सुभद्रा म्हणून उभ्या राहिल्या की वन्समोअर ठरलेला. त्यांना पहिल्यांदाच गद्य नाटक मिळालं होतं. तीन पात्रं, एक दिवाणखाना, ना ऑर्गन ना तबला. शुभारंभाला महिना उरलेला आणि तालमीला निघताना रोज पोटात गोळा. दिग्दर्शक दोनदा म्हणाला होता, "ताई, तुम्ही वाक्यं गाताय." (त्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.)

ज्यात हात बसलाय ते सोडून दुसरं करायला गेले आणि तोंडावर आपटले तर? बँकेतली नोकरी सोडून शिकवायला लागलेली माणसंही माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात.

पहिल्या भेटीत मी चुकलेच. भीती वाटते म्हटल्यावर सवयीनं दीर्घ श्वासाचा व्यायाम काढला. रोज पहाटे खर्जाचा रियाज करणाऱ्या बाईला मी श्वास शिकवत होते! त्यांनी निमूटपणे केला, माझ्या दुप्पट वेळ.

दुसऱ्या भेटीत म्हटलं, अडतंय तो प्रवेश इथेच करून दाखवा. आई परदेशातल्या मुलाचा फोन ठेवते, थांबते, मग एकच वाक्य: "चहा टाकते." त्यांनी केलं. माझं लक्ष उजव्या हाताकडे गेलं. थांबण्याच्या त्या जागी अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. बाई मात्रा मोजत होत्या.

"एरवी इथे ऑर्गन असतो ना," त्या म्हणाल्या. "पदाआधी ऑर्गनवाले काका पांढरी पाचचा सूर धरून ठेवतात. मी नुसती उभी राहिले तरी चालतं. पद संपलं की टाळी येते, कळतं की बरं चाललंय. इथे दोन तास काहीच कळायचं नाही."

थोड्या वेळानं दुसरी गोष्ट निघाली. विशीत असताना विंगेत कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, "गाणं उत्तम आहे, अभिनय चालवून घेऊ." त्यांच्या कानावर पडलं. टाळी नसली की ते वाक्य ऐकू यायला लागतं. अशा माणसाला 'आत्मविश्वास ठेवा' म्हणणं मला तरी फुकटचं वाटतं.

मी विचारलं, "मघाशी किती वेळ थांबलात?"

"अर्धा मिनिट तरी."

मी मोबाईलवर मोजलं होतं. चार सेकंद. त्यांना पटेना. पुन्हा केलं, या वेळी अंदाज त्यांनी लगेच कागदावर लिहिला आणि मगच मी आकडा दाखवला. अंदाज वीस, प्रत्यक्षात पाच. घाबरलेल्या माणसाला वेळ ताणल्यासारखा वाटतो, हे मी त्यांना आधीही सांगितलं होतं. सांगून उपयोग झाला नव्हता, मोजल्यावर झाला.

पुढचे तीन आठवडे तालमीत हेच. एका सहकलाकाराच्या हाती घड्याळ, यांच्या वहीत दोन रकाने: वाटलं किती, होतं किती. अंगठा चालत असेल तर चालू दे म्हटलं, पदराआड कुणाला दिसतोय! तो कधी थांबला ते त्यांनाही सांगता आलं नाही. एके दिवशी वही भरताना लक्षात आलं, एवढंच. पोटातला गोळा मात्र गेला नाही. शुभारंभाच्या दिवशी तिसरी घंटा झाली तेव्हाही होता.

त्या प्रयोगाला ऑर्गनवाले काका तिसऱ्या रांगेत होते. नंतर रंगपटात भेटायला आले तेव्हा बाईंनी विचारलं, "काका, फोन ठेवल्यावर फार वेळ थांबले का हो मी?"

"थांबलीस? कधी?" काका म्हणाले.